अमेरिकेतले सुटलेले गुलाम पुढे आमदार झाले का? (नववीच्या वर्गातला प्रश्न)

कृष्णाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. महात्मा फुल्यांचा पाठ आला की दरवर्षी वर्गात 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून दाखवतो. १८७३ सालचं हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. तिथल्या गुलामांना सोडवण्याच्या कामी त्यांनी जी निरपेक्ष बुद्धी दाखवली, तिच्या सन्मानार्थ. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यात आहे.

यंदा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, सुटल्यावर त्यांचं पुढं काय झालं?" मी सांगितलं की १८६५ साली उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पुढे पुरुषांना मताचा हक्क मिळाला. ती म्हणाली, "ते कळलं. पण त्यांच्यातलं कुणी आमदार झालं का? झालं तर त्याला सभागृहात बसू दिलं का?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच काळात आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने मुंबईचं कायदेमंडळ झालं, १८६२ पासून टाऊन हॉलमध्ये बैठका सुरू झाल्या, नाना शंकरशेट त्यात होते. पण ते सगळे गव्हर्नरने नेमलेले. निवडून येणं ही गोष्ट आपल्याकडे तेव्हा नव्हतीच. म्हणून तिकडचं नेमकं उदाहरण हवं आहे. एखाद्या राज्याचं, एखाद्या अधिवेशनाचं. पुढच्या सोमवारी तिला सांगायचं आहे.

वऱ्हाडी पाहुणा

मास्तर, निवडून आले, आणि चांगल्या संख्येने आले. १८६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बंडखोर दक्षिणेकडची राज्यं लष्करी देखरेखीखाली घेतली आणि काळ्या पुरुषांची मतदार म्हणून नोंदणी केली. दक्षिण कॅरोलिनात तर १८६८ च्या कनिष्ठ सभागृहात काळ्या सदस्यांचं बहुमत होतं. १८७० मध्ये मिसिसिपीच्या कायदेमंडळाने हायरम रेव्हल्स यांना वॉशिंग्टनच्या सिनेटवर पाठवलं. सिनेटमधले ते पहिले कृष्णवर्णीय.

पण "बसू दिलं का" हा प्रश्न असेल तर उत्तर जॉर्जियात आहे. त्यावर इथले जुने प्रतिवेदक काका सांगू शकतील, त्यांनी ते कामकाज मुळातून वाचलंय. काका, याल का धाग्यावर?

जुना प्रतिवेदक

आलो. मास्तर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. "निवडून आले का" एवढं विचारणारे पुष्कळ भेटतात. "बसू दिलं का" हे विचारायला सभागृह आतून पाहिलेलं असावं लागतं, आणि तिने ते न पाहता विचारलं.

मी एकतीस वर्षं विधानमंडळात मराठी प्रतिवेदक होतो. अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलावर बसायचं, आपली पाळी असेल तेवढा वेळ सदस्यांचा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा, बाहेर येऊन तो लिहून काढायचा आणि पुढच्या पाळीसाठी परत आत. मुंबईत दोन अधिवेशनं, हिवाळ्यात नागपूर. माणूस काय बोलला यापेक्षा त्याने कोणत्या वेळी तोंड उघडलं नाही, हे आमच्या कानाला आधी कळतं. जॉर्जियाचं प्रकरण मी त्या कानाने वाचलं. तेव्हा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

थोरला मुलगा अटलांटाला असतो. त्याच्याकडे गेलो असताना मी राज्याचं विधानभवन पाहायचा हट्ट धरला. तिथे आवारात एक शिल्प आहे. त्याचं नाव मराठीत 'रंगामुळे हकालपट्टी' असं होईल. १८६८ साली निवडून येऊनही सभागृहाबाहेर काढलेल्या ३३ काळ्या सदस्यांची ती आठवण आहे. शिल्प जॉन रिडल यांचं, १९७८ मध्ये तिथे बसवलेलं. म्हणजे हकालपट्टीनंतर एकशे दहा वर्षांनी. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सदस्याला निलंबित करताना मी कितीदा पाहिलंय. गैरवर्तन असतं, अध्यक्षांचा अवमान असतो, काही ना काही कारण कामकाजात नोंदलेलं असतं. इथे कारण म्हणून कातडीचा रंग नोंदला होता. परत आल्यावर नातवाकडून त्या अधिवेशनाचं छापील कामकाज संगणकावर काढून घेतलं आणि दोन पावसाळे त्यात घातले.

आता हकीकत. १८६७ च्या डिसेंबरात अटलांटात राज्याची नवी घटना लिहायला परिषद बसली, ती १८६८ च्या मार्चपर्यंत चालली. घटना चांगली झाली. कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं, सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली, लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिची राहील असं म्हटलं. काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. पण मसुद्यात आणखी एक कलम होतं, की जो मतदार तो कुठल्याही पदाला पात्र. ते कलम वगळलं गेलं. डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांची मतं घटनेच्या बाजूने मिळवायची होती, आणि काळा माणूस आमदार होणार हे ठसठशीत लिहिलेलं दिसलं तर ती मतं जातील अशी भीती होती. काळ्या प्रतिनिधींनीही वगळायला संमती दिली. मतदाराला पद मिळणारच, ते वेगळं लिहायला कशाला हवं, असा त्यांचा विश्वास.

या संमती देणाऱ्यांत हेन्री मॅकनील टर्नर होते. त्यांच्याबद्दल मुलीला जरूर सांगा. जन्म १८३४ चा, दक्षिण कॅरोलिनातला, जन्मतः स्वतंत्र. आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. यादवी युद्धात काळ्या पलटणीबरोबर गेलेले, अमेरिकन सैन्यातल्या पहिल्या काळ्या धर्मगुरूंपैकी एक. मेकन शहराच्या बिब काउंटीतून ते निवडून आले. घटना परिषदेत या माणसाने बंडात लढलेल्या गोऱ्यांचा मताचा हक्क काढून घेऊ नये, अशी बाजू घेतली होती. सूडाने राज्य उभं राहत नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एप्रिल १८६८ मध्ये निवडणूक झाली. रूफस बुलक गव्हर्नर म्हणून निवडून आले. ४ जुलै १८६८ ला, म्हणजे तिकडच्या स्वातंत्र्यदिनी, अधिवेशन सुरू झालं. ४४ जणांचं सिनेट, १७५ जणांचं कनिष्ठ सभागृह. सिनेटमध्ये तीन काळे सदस्य होते, बाकी सगळे खालच्या सभागृहात.

सिनेटमधल्या ट्यूनिस कॅम्पबेल यांचंही नाव लिहून घ्या. न्यू जर्सीचे, तेव्हा छप्पन्न वर्षांचे. समुद्रकाठच्या मॅकिंटॉश काउंटीत त्यांनी सुटलेल्या गुलामांना जमिनीवर बसवलं होतं, त्यांच्या शाळा काढल्या होत्या. दुसरे जॉर्ज वॉलेस. तिसरे एरन ब्रॅडली, सव्हानाचे. त्यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कमधली जुनी शिक्षा उकरून काढली गेली आणि ते बाकीच्यांच्या आधीच बाहेर पडले.

अधिवेशनाच्या सुरुवातीला पात्रतेचा एक प्रश्न आला होता, तो लक्षात ठेवा. चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे, आधी अमेरिकेच्या घटनेची शपथ घेऊन मग बंडात सामील झालेल्या माणसाला पद घेता येत नव्हतं. असे कुणी सभागृहात आहेत का, याची जुलैत चौकशी झाली. दोन्ही सभागृहांनी ठरवलं की सगळे पात्र आहेत. लष्करी अधिकारी जनरल मीड यांनी ते मान्य केलं. २१ जुलैला कायदेमंडळाने चौदावी दुरुस्ती मंजूर केली, राज्य संघराज्यात परत घेतलं गेलं, लष्कराचा अंमल उठला.

लष्कर बाजूला झालं आणि दोन महिन्यांच्या आत पात्रतेचा दुसरा प्रश्न पटलावर आला. मिल्टन कँडलर नावाच्या सदस्याने सिनेटमध्ये तो आधीच छेडला होता. युक्तिवाद असा की नव्या घटनेत काळ्यांना मताचा हक्क लिहिलाय, पद भूषवण्याचा कुठे लिहिलाय? जे लिहिलं नाही ते दिलं नाही. वगळलेल्या कलमाची रिकामी जागा आता त्यांच्यावरच चालून आली.

३ सप्टेंबर १८६८ ला टर्नर बोलायला उभे राहिले. त्यांच्या आधी त्यांचे काही काळे सहकारी बोलले होते. त्यांनी समोरच्या बाजूच्या औदार्याला हात घातला होता, दयेची भाषा केली होती. टर्नर यांनी आरंभीच सांगितलं की हे ऐकून मला आसुडाखाली गयावया करणाऱ्या गुलामांची आठवण झाली. मी कुठल्या पक्षापुढे वाकणार नाही, हक्कांची भीक मागणार नाही. मी इथे माझे हक्क मागायला आलो आहे. जगाच्या इतिहासात आजवर कुठल्याही सभेपुढे माणसाला त्याचा रंग शेजाऱ्यापेक्षा गडद आहे एवढ्याच आरोपावरून उभं केलं गेलं नव्हतं, असंही ते म्हणाले. आणि मग मुद्द्यावर आले. काळ्या माणसाला जो देश संरक्षण देत नाही, त्या देशाचं संरक्षण काळा माणूस करू शकत नाही. हे सैन्यात राहून आलेला माणूस बोलत होता.

त्या काळच्या कामकाजात भाषणं नसत, फक्त प्रस्ताव, हरकती आणि मतं. आमच्यासारखा कुणी टेबलावर बसलेला नव्हता. भाषण वेगळं छापून निघालं म्हणून आज वाचायला मिळतं. किती काळ्या सदस्यांची भाषणं छापखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, हा विचार मला अजून छळतो. ती नोंदवणं माझं काम होतं असं वाटत राहतं. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, तरी वाटतं.

मतं पडली. हकालपट्टीच्या बाजूने ८३, विरुद्ध २३. ज्यांचा प्रश्न होता त्या काळ्या सदस्यांना त्यावर मत देऊ दिलं नाही. आता मास्तर, फळ्यावर ही बेरीज मांडा. ८३ आणि २३ मिळून १०६. सभागृह १७५ चं. काळे सदस्य साधारण तीस धरून बाजूला काढले तरी चाळीसच्या आसपास माणसं उरतात. ती ना होयमध्ये, ना नाहीमध्ये. काही गैरहजर, काही गप्प. त्यांतले बरेच रिपब्लिकन, म्हणजे काळ्या मतदारांच्या मतांवर निवडून आलेले. मला ८३ जणांचा राग येतो, पण ते निदान नाव देऊन उभे राहिले. माझी झोप या चाळीस जणांनी उडवली. सगळे एका बाजूला आले असते तर वीसेक मतांचा फरक राहिला असता, आणि वीस मतं सभागृहात वळतात, मी वळताना पाहिली आहेत.

चार जणांना मात्र राहू दिलं. राज्याच्या कायद्यात एक अष्टमांश आफ्रिकी रक्त ही रेघ होती, आणि या चौघांचा वर्ण इतका उजळ की ती रेघ त्यांच्यावर सिद्ध करता येईना. रक्ताचे भाग मोजून सदस्यत्व ठरवलं गेलं. १२ सप्टेंबरला सिनेटने कॅम्पबेल आणि वॉलेस यांनाही काढलं. आणि रिकाम्या जागांवर त्यांच्याकडून निवडणुकीत पडलेल्या गोऱ्या उमेदवारांना आणून बसवलं. पोटनिवडणूक नाही, काही नाही.

पुढचं मुलांना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. काढलेल्यांत ऑल्बनीचे फिलिप जॉइनर होते. हकालपट्टीनंतर दोन-तीन आठवड्यांत, १९ सप्टेंबरला, ते शेकडो लोकांना घेऊन सुमारे पंचवीस मैल चालत कॅमिला गावी प्रचारसभेला निघाले. वाटेत शेरीफने शस्त्रं टाकायला सांगितली. तरी ते पुढे गेले. चौकात गोळीबार झाला, मग पळणाऱ्यांचा रानात पाठलाग झाला. डझनभर माणसं मेली, त्याहून कितीतरी जास्त जखमी झाली. कॅमिला गावाने या घटनेचं पहिलं जाहीर स्मरण केलं ते १९९८ मध्ये.

थांबतो. डोळे दुखायला लागले.

कृष्णाकाठचा मास्तर

काका, काय बोलावं कळेना. मी हे दोनदा वाचलं आणि बेरीज वहीत उतरवून घेतली. वर्गात पहिली तीच मांडतो.

दोन गोष्टी विचारतो. एक, कोर्टात कुणी गेलं नाही का? दुसरी जरा अवघड आहे. माझी मुलं हमखास विचारणार: टर्नर एवढे हुशार, मग त्यांनी ते कलम का जाऊ दिलं? चूक झाली असं सांगायचं का?

जुना प्रतिवेदक

मास्तर, आधी कोर्टाचं. गेलं, आणि जिंकलंही. सव्हानाच्या चॅटम काउंटीत रिचर्ड व्हाइट नावाचे गृहस्थ वरिष्ठ न्यायालयाचे लिपिक म्हणून निवडून आले होते. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने, क्लेमंट्सने, दावा लावला की याच्यात आफ्रिकी रक्त आहे, हा अपात्र आहे. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून १८६९ मध्ये तीनांपैकी दोघा न्यायमूर्तींनी निकाल दिला की जॉर्जियात काळ्या नागरिकाला पद भूषवण्याचा हक्क आहे. या दोघांतले एक मुख्य न्यायमूर्ती जोसेफ ब्राउन. वर्षभरापूर्वी घटनेच्या प्रचारात गोऱ्या मतदारांना "काळे पदावर येणार नाहीत" म्हणून निर्धास्त करत फिरणारे ते हेच. निकाल लागला तरी काढलेले सदस्य सभागृहात परतले नाहीत. आपल्या सदस्यांची पात्रता सभागृह स्वतः ठरवतं, ही सबब हाताशी होती.

परत आले ते वॉशिंग्टनमुळे. काढलेल्यांनी आणि गव्हर्नर बुलक यांनी काँग्रेसचं दार ठोठावलं. डिसेंबर १८६९ मध्ये काँग्रेसने जॉर्जियासाठी वेगळा कायदा केला, राज्य पुन्हा लष्कराखाली गेलं. जानेवारी १८७० मध्ये जनरल टेरी यांच्या देखरेखीखाली सभागृह नव्याने भरलं. काळे सदस्य आपल्या जागांवर बसले, आणि बंडामुळे खरोखर अपात्र असलेल्यांना बाहेर जावं लागलं. जुलैतल्या चौकशीने जे "सगळे पात्र" ठरवले होते, त्यांच्यापैकीच हे. फेब्रुवारीत त्याच सभागृहाने मताच्या हक्काची पंधरावी दुरुस्ती मंजूर केली. याआधी, १८६९ च्या मार्चमध्ये, काळे सदस्य बाहेर असताना, जॉर्जियाने ती फेटाळली होती. माणसं आत आणि माणसं बाहेर यांतला फरक मुलांना दाखवायचा तर हे एकच उदाहरण बास आहे.

पण तोवर काय काय झालं होतं. ग्रीन काउंटीचे एब्राम कोल्बी. ते परतण्याआधी, ऑक्टोबर १८६९ मध्ये, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशती संघटनेच्या लोकांनी रात्री त्यांचं दार फोडलं, रानात नेऊन तीन तासांहून जास्त फटके मारले आणि मेला समजून टाकून दिलं. पुढे काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. आधी पक्ष बदलण्यासाठी पाच हजार डॉलर देऊ केले होते, नुसता राजीनामा दिला तर अडीच हजार. कोल्बी म्हणाले, सगळ्या काउंटीची किंमत दिलीत तरी नाही. मारणारे कोण, तर गावातले पहिल्या पंगतीचे लोक: एक वकील, एक डॉक्टर, काही शेतकरी. मारताना विचारलं, पुन्हा रॅडिकलांना, म्हणजे रिपब्लिकनांना, मत देशील का? कोल्बी म्हणाले, उद्या निवडणूक असली तरी देईन. त्यांच्या लहान मुलीने बापाला नेऊ नका म्हणून हात जोडले, तिच्यावर बंदूक रोखली. त्या धसक्यातून ती सावरली नाही, त्यातच गेली. ही साक्ष शब्दशः नोंदलेली आहे. तिथे टेबलावर कुणीतरी बसलेलं होतं.

कॅम्पबेल पुन्हा सिनेटमध्ये गेले, पण १८७६ मध्ये त्यांना शिक्षा लावून मजूर म्हणून भाड्याने मळ्यावर धाडलं. तेव्हा तिकडे कैदी भाड्याने देत असत. वय साठीच्या पुढचं. डिसेंबर १८७० च्या निवडणुकीत काळ्यांच्या हक्कांना विरोध करणारे डेमोक्रॅट बहुमतात आले होते आणि १८७१ मध्ये गव्हर्नर बुलक राज्य सोडून गेले होते. म्हणजे जोतीरावांनी १८७३ मध्ये अर्पणपत्रिका लिहिली, तेव्हा जॉर्जियात ज्यांनी हे औदार्य दाखवलं त्यांचा जोर ओसरलेला होता. अर्पणपत्रिका वाचताना आता माझा आवाज त्या ओळीवर थोडा अडखळतो. तरीही मी ती तुमच्यासारखीच वाचीन. ज्यांनी काँग्रेसमध्ये १८६९ चा कायदा केला, त्यांना ती शोभते.

आता टर्नर यांच्या चुकीबद्दल. मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. तुम्ही मुलांना चूक म्हणून सांगू नका, अशी माझी विनंती आहे. माणूस सात-आठ पिढ्यांच्या दास्यातून बाहेर आलेल्या लोकांच्या वतीने पहिल्यांदा टेबलाशी बसला. समोरच्याने सांगितलं, हे कलम तेवढं काढा, घटना मंजूर होऊ द्या, बाकी आपण समजून घेऊ. त्याने समोरच्याला माणूस मानलं आणि शब्दावर विश्वास ठेवला. मी स्वतः कितीतरी विधेयकांच्या वेळी "हे नियमांत घेऊ" असं मंत्र्यांनी सांगितलेलं उतरवून घेतलंय. कधी घेतात, कधी राहून जातं. शब्द मोडणाऱ्याची जबाबदारी शब्द मानणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. वगळलेलं कलम मात्र फळ्यावर लिहा. रिकामी जागा सोडून लिहा, आणि मुलांनाच ती भरू द्या.

मेघना, डिकेटर

काका, मी अटलांटाशेजारी डिकेटरला असते, अकरा वर्षं झाली. तुम्ही म्हणता ते शिल्प मी असंख्य वेळा ओलांडून गेलेय, मुलीच्या शाळेची सहलही नेली होती. तुमचं वाचून काल संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पुन्हा गेले. आजचं विधानभवन १८८९ मध्ये पुरं झालं, पण १८६८ चं अधिवेशन ज्या नगरभवनात भरलं ते याच टेकडीवर होतं. म्हणजे शिल्प त्याच जागी आहे, हे मला काल कळलं.

मास्तर, एक शेपूट जोडते, मुलांना जवळचं वाटेल. १९०७ नंतर या सभागृहांत एकही काळा सदस्य नव्हता. लेरॉय जॉन्सन १९६२ मध्ये सिनेटवर निवडून आले, तेव्हा ती पोकळी संपली. मग १९६५ मध्ये पंचवीस वर्षांचे ज्युलियन बॉन्ड खालच्या सभागृहावर निवडून आले. ते ज्या विद्यार्थी संघटनेत होते तिने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रक काढलं होतं आणि बॉन्ड यांनी त्याला पाठिंबा दिला. जानेवारी १९६६ मध्ये सभागृहाने त्यांना शपथच घेऊ दिली नाही. मतं पडली १८४ विरुद्ध १२. टर्नर यांच्या वेळी विरोधात निदान २३ होते. त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हे घटनाबाह्य आहे, आणि बॉन्ड आत बसले. पुढे वीस वर्षं ते या ना त्या सभागृहात होते.

तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न इथे शंभर वर्षांनीही विचारावा लागला, एवढंच सांगायचं होतं. शिल्पाचा फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपात पाठवते, वर्गात लावा.

कृष्णाकाठचा मास्तर

मेघनाताई, फोटो मिळाला, छापून घेतला. काका, तास झाला. बेरीज मांडल्यावर वर्ग गप्प झाला. मग ज्या मुलीने प्रश्न विचारला तिने चाळीस जणांच्या जागी चाळीस गोल काढले आणि विचारलं, यांची नावं कुठं मिळतील?

रिकाम्या जागेचं तुम्ही म्हणालात तसंच केलं. एकाने लिहिलं, "मतदार असेल तो आमदारही होऊ शकेल." दुसऱ्याने लिहिलं, "कुणालाही रंगावरून काढता येणार नाही." दोन्ही ठेवली.

आता स्नेहसंमेलनात टर्नर यांच्या भाषणातला छोटा भाग तीच मुलगी म्हणणार आहे. मराठी तुम्ही कराल का? मी प्रयत्न केला, पण 'मॅनहुड' या शब्दापाशी अडलो. शब्दकोश 'पुरुषत्व', 'पौरुष' सांगतो. मुलीच्या तोंडी ते जमेना, आणि अर्थही तो वाटत नाही.

जुना प्रतिवेदक

तिला सांगा, नावं त्या दिवसाच्या मतनोंदीतून काढता येतात. सगळ्या सदस्यांची यादी घ्यायची, होयवाले खोडायचे, नाहीवाले खोडायचे, काळे सदस्य बाजूला ठेवायचे. उरतील ते. मी हाताने केलंय, एक दुपार लागते. माझी वही आहे, पण तिने स्वतः करावं. यादी आणि मतनोंद उद्या टपालाने पाठवतो, अक्षर मोठं करून.

भाषणाचा तुकडा करून ठेवतो. त्या शब्दापाशी मीही आठवडाभर थांबलो होतो. टर्नर त्या भाषणात पुन्हापुन्हा एकच विचारतात: मी माणूस आहे की नाही? असेन, तर माणसाचे हक्क मला द्या. पदाचा मुद्दा, घटनेचा मुद्दा, सगळे त्या एका प्रश्नाला टांगलेले आहेत. तेव्हा पौरुष नको. 'माझ्या माणूसपणाचा उंबरठा ओलांडू पाहणाऱ्यांवर वीज टाकायला मी इथे उभा आहे,' असं तिला म्हणू द्या. 'माणूसपण' या शब्दावर घाई करू नको म्हणावं. तिथे श्वास घेतला तरी चालेल.